कुंडातल्या लाल महाराजांच्या नावाची दुरुस्ती

प्रति,
मा. हाशिझुमे साहेब,
प्रमुख, आरोग्य व स्वच्छता विभाग (दुसरा मजला),
मिकुरा जिल्हा कार्यालय.

विषय : कामागातानी येथील खालच्या स्नानघराचे उगमकुंड सिमेंटने बुजवण्याचा आदेश रद्द करणे, आणि तो आदेश ज्या एका अक्षरावर उभा आहे ते अक्षर सुधारणे.

संदर्भ : १) आपली नोटीस, याच महिन्याच्या एक तारखेची. २) आपले दुरुस्तीपत्र, ज्यात एक चूक काढून दुसरी घातली आहे. ३) आपल्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्याचे अभिनंदनपत्र.

महोदय,

१. अर्जदार नामे योशिनो हांगाई, वय वर्षे अडुसष्ट, ही कामागातानीतील खालच्या सार्वजनिक स्नानघराची राखणदार असून हौद घासणे, केस वेचणे व विसरलेल्या कवळ्या ज्याच्या त्याला परत करणे ही कामे ती करते. डोंगरातून येणारे गरम पाणी प्रथम एका दगडी कुंडात पडते. तेथे ते इतके कढत असते की घातलेले बोट न सांगता बाहेर येते. कुंडातून ते बांबूच्या पन्हळीने हौदात उतरते आणि वाटेत माणसाला सोसेल इतके निवते. येत्या अठरा तारखेस सकाळी आपण सिमेंटची गाडी पाठवून हे कुंड बुजवणार आहात. कुंड बुजले की हौद कोरडा, आणि हौद कोरडा की स्नानघराला कुलूप. तसे होऊ नये, एवढीच अर्जदाराची मागणी आहे. अर्ज येथेच संपला असता. परंतु आपल्या विभागाला एका ओळीत काही कळल्याचे अर्जदाराच्या ऐकिवात नाही, म्हणून पुढील मजकूर.

२. अर्जदाराची सारी नोकरी टपाल कार्यालयाच्या खिडकीमागे झाली. नको असलेला कागद दुसऱ्या कागदाखाली कसा सरकवतात, आणि 'साहेब जेवायला गेलेत' हे कोणत्या चेहऱ्याने म्हणतात, हे तिला शिकवावे लागत नाही. कृपया ते प्रयोग या अर्जावर करू नयेत.

३. चूक कशी झाली ते सांगते. गेल्या वसंतात आपले निरीक्षक तोकोनामी साहेब तपासणीस आले. कोपरापर्यंत रबरी हातमोजे. चहा दिला तर तोही हातमोज्यांनीच घेतला. कुंडाच्या आतल्या दगडांवर नखाएवढ्या जाडीचा लाल, बुळबुळीत थर आहे. तो कशाचा, असे त्यांनी विचारले. हौदात गळ्यापर्यंत बुडालेल्या तोमिए आजी, वय अठ्ठ्याऐंशी, यांनी उत्तर दिले : "अरे बाबा, ते आमचे अकासामा. माझ्या सासूच्या सासूच्या आधीपासून आहेत. नमस्कार कर नि पुढं हो."

तोकोनामी साहेबांनी हातमोज्याच्या बोटाने यंत्रावर 'अका' असे उमटवले. आता आपल्या भाषेत 'सामा' म्हणजे महाराज, 'अका' म्हणजे लाल, आणि 'अका' म्हणजे अंगावरचा मळसुद्धा. उच्चार एक, अक्षरे वेगळी. हे आपणास ठाऊक असेलच, परंतु पुढे जे घडले ते पाहता अर्जदार काहीच गृहीत धरत नाही. यंत्राने त्या उच्चाराची सगळी अक्षरे पुढ्यात मांडली. समोर भिंतभर लाल दिसत असताना साहेबांनी मळ निवडला. ध चा मा झाला आणि आमच्या लाल महाराजांचे मळमहाराज झाले.

४. त्यावरून तयार झालेला अहवाल अर्जदाराने पाहिला आहे. त्यातले वाक्य असे : 'सदर स्नानघरातील वृद्ध ग्राहक अंगावरच्या मळास महाराज असे संबोधतात, तो उगमकुंडात जतन करतात, त्यास नमस्कार करतात व प्रसंगी गुडघ्यांस चोळतात.' या कागदावर चार अधिकाऱ्यांचे शिक्के आहेत. चौघांनी हे वाचले आणि चौघांपैकी एकाच्याही मनात आले नाही की बुवा, जगात असे कोण करते? अर्जदार टपालात असती तर असा पत्ता लिहिलेले पाकीट तिने परत पाठवले असते.

गुडघ्यांस चोळतात हे मात्र खरे आहे. तोमिए आजी रोज चोळतात. गुण येतो का, हे अर्जदाराला माहीत नाही. गुडघे अजून दुखतात आणि आजी अजून चोळतात.

५. त्यानंतर आपण आम्हास स्वच्छतेचे व्याख्यान पाठवले. कामागातानीत खालच्या हौदावर येणारे आम्ही सहा जण. त्यांतले चार ऐंशीच्या पुढचे आणि सगळे दिवसातून दोनदा अंघोळ करणारे. आमच्यापुढे आपल्या बाईंनी बालवाडीतली चित्रे मांडली. चित्रात साबण लावणारे अस्वल होते. "पाठीला हात पोचत नसेल, तर आपल्या मित्राला सांगायचं हं!" असे बाई म्हणाल्या. तोमिए आजींनी त्यांना सांगितले, "बाई गं, माझा मित्र जाऊन पस्तीस वर्षं झाली. आता आलीच आहेस तर तूच घास." बाई त्याच बसने परत गेल्या. अस्वलाचे एक चित्र येथेच विसरल्या, ते परत पाठवलेले आहे.

६. मग सुरू झाला 'मळ' मारण्याचा उद्योग. आपण त्यास निर्जंतुकीकरण म्हणता. अर्जदार त्यास नाकाने कांदे सोलणे म्हणते.

प्रथम ब्लीचिंगचे औषध ओतले. हौदातल्या माणसांच्या डोळ्यांना धारा लागल्या. पन्हळीतल्या गोगलगायी मेल्या, दगडांवरचे हिरवे शेवाळ गेले. लाल थर जागच्या जागी.

दुसऱ्यांदा, नियमावलीत लिहिले आहे म्हणून, गॅसच्या शेगड्या आणून कुंडाचे पाणी आणखी तापवले. ज्या जिवाला कढत पाण्याचीच आवड आहे, त्याला मारण्यासाठी आपण पाणी तापवलेत. थंडीने कुडकुडणाऱ्याला शिक्षा म्हणून शेकोटीपाशी बसवावे, तसला हा प्रकार. थर आणखी लाल झाला. दिसायला छान दिसत होता, हे कबूल करायला हवे.

तिसऱ्यांदा जांभळा दिवा आणलात. ज्याच्या किरणांनी बारीक जीव मरतात, असा दिवा. तोकोनामी साहेब तो कुंडावर टांगताना म्हणाले, "आता बघा गंमत." आम्ही बघितली. आठवड्याने दिवा काढला तेव्हा कुंडात उरलेसुरले जे काही दुसरे जिवंत होते ते सगळे मेले होते, आणि रिकाम्या झालेल्या जागेवर लाल थर पन्हळीपर्यंत पसरला होता. शेजारी मारून घराला घर जोडून दिलेत. इतकी सेवा कामागातानीतल्या कोणीही अकासामांची आजवर केली नव्हती.

७. त्याच आठवड्यात विद्यापीठातल्या उबुकाता बाई आमच्याकडे आल्या होत्या. या बाई सूक्ष्मजीवांचा अभ्यास करतात आणि दोन वर्षांपासून आमच्या कुंडातले लाल बाटलीत भरून नेतात. त्यांनी विचारले, "हा दिवा कुणी लावला?" अर्जदाराने सांगितले, जिल्हा कार्यालयाने. "कशाला?" मारायला. तर बाई पालथ्या बादलीवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग म्हणाल्या, "काढू नका म्हणावं त्यांना. आणखी आठवडाभर राहू दे. मला नेमकं हेच करून बघायचं होतं, आणि विद्यापीठ दिवाच देत नव्हतं."

तेव्हा पहिल्यांदा अर्जदाराला कळले की तो थर जिवंत आहे. त्याआधी इतकी वर्षे ती त्याला दगडाचा गंज समजून हौदाच्या बाजूने घासून काढत होती. बाईंनी समजावले ते असे. प्रत्येक जिवाच्या पेशीत एक लांब दोरा असतो, आणि आपण कसे असावे हे त्यावर लिहिलेले असते. तीव्र किरण लागले की दोरा तुटतो. माणसाचा थोडा तुटला तर सांधला जातो, फार तुटला की माणूस संपतो. या जिवाचा शेकडो ठिकाणी तुटला, तरी तो ते तुकडे गोळा करतो, कुठल्याला कुठला जोडायचा ते शोधतो, जसाच्या तसा शिवतो आणि कामाला लागतो. तेही कढत पाण्यात बसून, जेथे दुसरा कोणी टिकत नाही. या कामास त्याला एक दिवस पुरतो. आपल्या विभागाला एक अक्षर जुळवायला सात महिने लागले, आणि तेही चुकीचे जुळवलेत.

८. याचा उपयोग काय, असे आपण विचाराल. सरकारी माणूस उपयोग विचारतोच. अर्जदारानेही विचारला होता.

अणुकारखान्यांचे जे गरम, विषारी, किरण फेकणारे पाणी असते, त्यात साफसफाई करणारे नेहमीचे जीव टाकले तर ते मरतात. हा मरणार नाही. पाण्यातले विषारी धातू पकडून घट्ट गाळ करून बसवण्याचे काम त्याला शिकवता येईल, असे बाईंना वाटते. शिवाय तो ज्या द्रव्यांनी पेंढा आणि लाकूड कुजवतो ती कढत पाण्यातही चालतात, म्हणून कागदाच्या आणि कापडाच्या कारखान्यांना ती हवी आहेत. आणि ज्या लाल रंगाने तो स्वतःला जपतो, त्यातून म्हणे त्वचेचे काहीतरी निघू शकेल.

किरण मारून टाकता येतात का, असेही अर्जदाराने विचारले. बाई म्हणाल्या, "नाही. ते कुणालाच जमत नाही. किरण टाकणारी धूळ पकडून एका जागी बसवायची, एवढंच." शेतातली माती साफ होईल का, असे विचारले. त्या म्हणाल्या, "आज नाही. माझ्या हयातीत कदाचित. तुमच्या हयातीत... मला सांगता येणार नाही." या संपूर्ण प्रकरणात 'मला सांगता येणार नाही' म्हणणारे माणूस अर्जदाराला एकच भेटले. त्यामुळे तिचा त्या बाईंवर विश्वास आहे.

बाटलीत नेलेत ना, मग कुंड कशाला हवे, ही आपली शंका नोटिशीत आहे. उत्तर बाईंचेच देते : प्रयोगशाळेतल्या बशीत तो जीव फिका पडतो आणि आळसावतो. कुंडात त्याच्या सोबतीला आणखी कोण कोण आहे, ते अजून कोणी मोजलेलेही नाही. कुंड बुजवल्यावर मोजता येणार नाही. आपल्याला अर्थात काहीच मोजायचे नाही.

९. आता तिसरा मजला. आपल्या डोक्यावर बरोबर एका जिन्याच्या अंतरावर उद्योग व पर्यटन विभाग बसतो. त्यांनी उबुकाता बाईंचे टिपण वाचले, म्हणजे त्यातला त्वचेचा भाग तेवढा वाचला, आणि आम्हास अभिनंदनपत्र धाडले. कामागातानीचा दुर्मिळ सूक्ष्मजीव हे जिल्ह्याचे भूषण असून त्याचे प्राणपणाने रक्षण करावे, असे त्यात म्हटले आहे. सोबत 'अकामारु' नावाचे सोंग पाठवले. लाल, गोल, मोठ्या डोळ्यांचे. आतल्या माणसाने कुंडाशेजारी उभे राहून फोटो काढून घ्यायचे होते. उष्णताप्रिय जिवाच्या सोंगातला तो बिचारा वाफेने चक्कर येऊन पडला. त्याला आम्ही सोंगासकट उचलून व्हरांड्यात आणले आणि बर्फ लावला. "आत फार गरम होतं हो," एवढेच तो म्हणत होता. त्याच्याविषयी अर्जदाराची काही तक्रार नाही.

ज्याला दुसऱ्या मजल्यावर फाशी, त्याचा तिसऱ्या मजल्यावर सत्कार. दोन्ही कागदांवर जिल्हा कार्यालयाचा एकच शिक्का आहे. इमारतीत लिफ्ट असताना एका मजल्याची बातमी दुसऱ्या मजल्यावर जात नसेल, तर आमच्या डोंगरातले मेंढरूसुद्धा आपल्यापेक्षा बरे. ते निदान पुढच्याच्या पाठोपाठ जाते.

१०. अक्षर बदलून घेण्यासाठी अर्जदार उन्हाळ्यात आपल्या कार्यालयात स्वतः आली होती. खिडकीवरच्या मुलाने सांगितले, "आजी, ज्यांनी अक्षर लिहिलं त्यांनाच ते बदलता येतं. आणि तोकोनामी साहेबांची बदली झालीय."

"कुठं?"

"भाषा संवर्धन कक्षात."

अर्जदार तेथेच बाकावर बसली. तिला पाणी हवे का, असे त्या मुलाने विचारले. ती आजारी नव्हती.

११. त्यानंतर आपले दुरुस्तीपत्र आले. 'मळ हा शब्द अनवधानाने पडला असून त्याऐवजी पुढीलप्रमाणे वाचावे.' पुढे एक अक्षरजोडी होती, जी अर्जदाराने जन्मात पाहिली नव्हती. ती पत्र घेऊन देवळातल्या भटजींकडे गेली. त्यांनी चष्मा पुसला, पत्र उजेडात धरले आणि म्हणाले, "हांगाई बाई, हेही अकाच हो. पण हे बुद्धापुढं वाहायचं पाणी. बुद्धाच्या देशातून निघाला तेव्हा हा शब्द अर्घ्य होता. डोंगर, वाळवंट, समुद्र ओलांडता ओलांडता झिजला नि अका एवढाच उरला. कुणी हो लिहिलं हे? बरं जुनं अक्षर काढलंय शोधून!"

म्हणजे यंत्राने पुन्हा यादी दाखवली, आणि यादीत लाल होते, वरच होते, तरी आपल्या माणसाने खाली जाऊन जाऊन हे निवडले. एरवी इतका कष्टाळू माणूस आपल्या कार्यालयात आहे हे अर्जदाराला खरे वाटले नसते.

१२. या नव्या अक्षराचा परिणाम काय झाला? कुंडात अर्घ्याचे पाणी आहे, म्हणजे कुंड हे पूजास्थान झाले. पूजास्थानावर सरकारी निधी खर्च करता येत नाही, म्हणून पन्हळीची दुरुस्ती बंद. पूजास्थान सरकारी जागेवर आहे, म्हणून ते अतिक्रमण. अतिक्रमण हटवण्यासाठी मात्र सरकारी निधी खर्च करता येतो, म्हणून सिमेंट मंजूर. मळ होते तेव्हा घाण म्हणून बुजवायचे होते, देव झाले तेव्हा देव म्हणून बुजवायचे आहे. आपण इतके दिवस कारणे बदलत आहात, सिमेंट मात्र तेच. भटजीबुवांना बाजूला सारून देवळावर ताबा सांगणारेही आम्ही पाहिले, पण असली अक्कल प्रथमच पाहतो.

लाल आहे, लाल लिहा. एवढेच काम होते, साहेब. बालवाडीतल्या त्या अस्वलालाही जमले असते.

१३. येथवर जे लिहिले, ते अर्जदाराने हसून सोडूनही दिले असते. म्हातारपणी करमणूक हवीच असते. परंतु आपल्या नोटिशीची शेवटची ओळ अशी आहे : 'ग्राहकांनी तूर्तास वरच्या स्नानगृहाचा वापर करावा.' त्यातल्या एका शब्दासाठी हा अर्ज आहे.

अर्जदार येथली नाही. ती पूर्व किनाऱ्यावरची. तिच्या गावातून त्या अणुकारखान्याची धुरांडी दिसत. भूकंप झाला, समुद्र आत आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या भोंग्यावरून सांगितले, "तूर्तास घर सोडा." अर्जदाराने तांदूळ भिजत घातले होते. ते तसेच ठेवून, पायातल्या घरच्या चपलांनिशी ती नवऱ्याबरोबर बसमध्ये चढली, कारण सांगणारे सरकार होते आणि ती स्वतः सरकारी नोकर. त्या तूर्तासला तेरा वर्षे झाली. नवरा, मासातो, 'तात्पुरत्या घरात' वारला. ते घरही अजून तात्पुरतेच म्हणवते. गावची शेतातली माती काळ्या पिशव्यांत भरून ठेवली आहे, तीही तूर्तास. आपल्या लोकांना हा एकच शब्द नीट लिहिता येतो. त्याचे अक्षर कधी चुकत नाही.

१४. मासातो गेल्यावर अर्जदार चुलत नणंदेच्या आधाराने कामागातानीत आली. वरच्या स्नानगृहात ती एकदाच गेली आहे. पाण्यात सात बायका होत्या. एकीने गोड आवाजात विचारले, "कुठच्या तुम्ही?" अर्जदाराने गावाचे नाव सांगितले. मग एकीला चुलीवरच्या भाताची आठवण झाली, एकीला नातवाची, एकीला चक्कर यायला लागली, आणि बघता बघता हौदात अर्जदार एकटी उरली. त्याच स्नानगृहाच्या दारावर, काचेच्या चौकटीत, आपल्याच विभागाचे प्रमाणपत्र लावलेले आहे : या पाण्यात नैसर्गिक किरणोत्सर्ग असून तो सांधेदुखीस हितकारक आहे. त्या बाया त्याच्यासाठीच पैसे भरून बसल्या होत्या.

अर्जदाराने कपडे केले आणि पायवाटेने खाली उतरली. खालच्या स्नानघराच्या दारात ती उभी राहिली, पण आत जाईना. आतून तोमिए आजी ओरडल्या, "दार लाव की! गारठा येतोय आत!" अर्जदाराने आधीच सांगून टाकले, मी अमुक गावची. आजी म्हणाल्या, "बरं मग? तुझ्या अंगाला असून असून किती असणार गं? इथल्या पाण्यात त्याच्या दसपट आहे. पाणी तुला भीत नाही, मी कशाला भिऊ? ये, सरकते मी."

आणि त्या खरोखर सरकल्या. हौद मोठा होता, सरकण्याची काही गरज नव्हती. अर्जदार पाण्यात उतरली आणि रडली. गरम पाण्यात तोंड ओले असले तर कोणी विचारत नाही.

तो हौद आपण बंद करणार आहात.

१५. सबब अर्जदाराच्या मागण्या : मूळ अहवालातील अक्षर लाल असे करावे. सिमेंटची गाडी पाठवू नये. तिसऱ्या मजल्यावर एकदा जिना चढून जावे. उबुकाता बाईंना त्यांचे काम करू द्यावे, मग ते कोणाच्याही हयातीत होवो.

१६. यांपैकी काहीच होणार नसेल तर आपल्या माहितीसाठी कळवते. नोटिशीत म्हटल्याप्रमाणे, सर्व ग्राहक हौदाबाहेर आल्याची अधिकाऱ्याने समक्ष खात्री केल्याशिवाय सिमेंटचे काम सुरू करता येत नाही. अठरा तारखेस सकाळपासून आम्ही सहाही जण हौदात असू. तोमिए आजींनी लोणची, चहाचा थर्मास आणि भाताचे गोळे आणायचे ठरवले आहे, तेव्हा घाई नाही. बाहेर या म्हणून सांगायला आपल्यापैकी कोणाला तरी आत यावे लागेल, आणि कपडे घालून हौदाच्या खोलीत येऊ नये, हा नियम आपल्याच विभागाने भिंतीवर चिकटवलेला आहे. हौद एकच आहे, बायकांचा वेगळा आणि पुरुषांचा वेगळा असे येथे नाही. ऐंशीच्या पुढे त्याचे कोणाला काही वाटत नाही.

या, साहेब. स्वतः या. पाण्यात बसा आणि मग आमच्या तोंडावर सांगा.

मागच्या वेळी भोंग्यावरून एकदा सांगितले आणि मी निघाले. मागे वळूनही पाहिले नाही, कारण तूर्तास म्हणाले होते. आता तुम्ही मला मळ म्हणा, देव म्हणा, काय वाटेल ते अक्षर लिहा. मी या पाण्यातून उठणार नाही.

(छापील नमुन्यात येथे 'आपली नम्र' आहे. त्यातला दुसरा शब्द अर्जदाराने खोडला आहे.)

आपली,
योशिनो हांगाई
(सही व शिक्का)
राखणदार, खालचे सार्वजनिक स्नानघर, कामागातानी.
दिनांक : ७, अकरावा महिना, रेइवा शकाचे सहावे वर्ष.

सोबत :
१. आपली नोटीस, लाल शाईने तपासून. शुद्धलेखनाच्या इतर चुका समासात दाखवल्या आहेत.
२. आपले दुरुस्तीपत्र व तिसऱ्या मजल्याचे अभिनंदनपत्र, एकत्र टाचून, म्हणजे दोन्ही मजल्यांची निदान कागदोपत्री तरी भेट होईल.
३. पंचा, नवा, एक. येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी. स्नानघरात पंचा मिळत नाही. डोक्यावर घडी करून ठेवावा, पाण्यात बुडवू नये.